जुनी गाडी चार नटांवरून पाच नटांवर नेताना

जुन्या गाडीची चाकं चार नटांऐवजी पाच नटांवर बसवत होतो. शेवटचा नट कडक झाला, पाना टक्क वाजला आणि मला वाटलं चला, संपलं एकदाचं. रात्र बरीच झाली होती, गाडी घोड्यांवरून, म्हणजे उचललेली गाडी टेकवायच्या स्टँडवरून, खाली घेतली, स्टार्ट केली, रिव्हर्स टाकून जरा मागे घेतली आणि ब्रेक दाबला तर पेडल सरळ खाली पत्र्याला टेकलं. हँडब्रेकची वायर अजून जोडलेलीच नव्हती. गाडी गिअरमध्ये असतानाच इंजिन बंद केलं म्हणून भिंत वाचली. चूक अगदी साधी होती, पुढे सातव्या पायरीत सांगतो, पण तेव्हा डोक्यात जे बसलं ते आधीच सांगून टाकतो: पाच नट हा या कामाचा बाहेरून दिसणारा भाग आहे, खरं काम ब्रेकचं आहे. रिम बसलं म्हणजे काम झालं असं समजू नका.

कुठेतरी काही वाचलंय आणि घरीच करून बघतो असं म्हणणाऱ्यांसाठी हे लिहितोय. ब्रेक कधीच उघडले नसतील तर बाजूला एखादा अनुभवी माणूस उभा ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

१. आधी ठरवा, कशासाठी करताय

पाच नटांनी गाडी लवकर थांबते असं बऱ्याच जणांना वाटतं. नाही थांबत. गाडी थांबते डिस्क, पॅड, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि टायरमुळे, नट फक्त चाक हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागाला, धरून ठेवतात आणि हलक्या गाडीला चार नट पुरतात, कंपनीने ते काही झोपेत दिलेले नसतात. मग लोक का करतात? एक म्हणजे पाच नटांच्या रिम्समध्ये चॉइस खूप मोठा आहे. दुसरं म्हणजे त्याच कंपनीच्या नंतरच्या, जड किंवा ताकदवान मॉडेलचे मोठे ब्रेक घ्यायचे असतील तर त्यांचे हब बहुतेक वेळा पाच नटांचेच येतात. माझं कारण दुसरं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं पहिलंही.

फक्त रिमच बदलायचं असेल तर अ‍ॅडॅप्टर मिळतात, साधारण २० ते २५ मिमी जाडीचे, एका बाजूने चार भोकं आणि दुसऱ्या बाजूने पाच स्टड, म्हणजे नट ज्यांवर चढतात ते आटेवाले बोल्ट. चांगल्या प्रतीचे असतील तर चालतात, पण चाक तेवढंच बाहेर सरकतं, फेंडरला घासू शकतं, बेअरिंगवरचा ताण वाढतो, आणि गंमत अशी की शेवटी सगळं वजन त्याच जुन्या चार स्टडवर असतं. जुन्याच हबला नवीन पाच भोकं पाडून देतो असं कोणी म्हणालं तर हसून विषय बदला. नवी भोकं जुन्या भोकांच्या शेजारी येतात, मधे धातू किती उरतो ते बघा, आणि प्रत्येक भोक बरोबर ७२ अंशावर पडलं नाही तर चाक आयुष्यभर थरथरणार.

२. आकडे मोजा, अंदाज नको

व्हर्निअर घ्या, वही घ्या. स्टड ज्या काल्पनिक गोलावर बसतात त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. चार नटांना मोजणं सोपं, समोरासमोरच्या दोन स्टडचं सेंटर ते सेंटर अंतर. पाच नटांना समोरासमोर कोणी नसतंच, म्हणून शेजारच्या दोन स्टडमधलं अंतर मोजायचं आणि ०.५८८ ने भागायचं. सेंटर दिसत नाही, तेव्हा एका स्टडच्या डाव्या कडेपासून पुढच्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, तेच येतं. ६७.२ मिमी आलं तर ५×११४.३, म्हणजे पाच नट आणि पीसीडी ११४.३ मिमी. ६५.८ आलं तर ५×११२. म्हणजे दोघांत शेजारच्या स्टडमागे फरक फक्त १.४ मिमीचा, हाताने ढकललं की रिम बसल्यासारखं वाटतं आणि तिथेच लोक फसतात. असं जबरदस्तीने बसवलेलं रिम स्टड वाकवतं, नट स्वतःहून सैल होतात.

पीसीडीशिवाय अजून हे लिहून ठेवा: हबच्या मधल्या उंचवट्याचा आणि त्यावर बसणाऱ्या रिमच्या भोकाचा व्यास म्हणजे सेंटर बोअर, स्टडची जाडी आणि आटे, रिमचा ऑफसेट म्हणजे रिमवर ईटी लिहून पुढे येतो तो आकडा, आणि आत्ताच्या टायरच्या बाहेरच्या कडेपासून फेंडरपर्यंत किती जागा आहे ते. आटे डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. एम१२×१.५ आणि एम१२×१.२५ (१२ मिमी जाड स्टड, दोन आट्यांमधलं अंतर १.५ किंवा १.२५ मिमी) शेजारी ठेवले तरी सारखेच दिसतात, नट दोन फेरे आनंदाने जातो आणि मग अडकतो, आणि आपण पाना लांब करतो.

३. डोनर, म्हणजे जिचं सामान काढून घ्यायचं ती गाडी, एकच असू द्या

या अख्ख्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. हब एका गाडीचा, डिस्क दुसरीची, कॅलिपर तिसरीचा असं जमवू नका. एका गाडीच्या एका कोपऱ्याचं सगळं सामान एकत्र उचला: नकल (बेअरिंग आणि हब ज्यात बसतात तो तुकडा), हब, बेअरिंग, डिस्क, कॅलिपर, त्याचं ब्रॅकेट, होज (ब्रेकचा लवचिक पाइप), पत्र्याचं डस्ट कव्हर, बोल्टसकट. हे सगळं एकमेकांसाठी बनलेलं असतं, डिस्कची टोपी (मधला उंच भाग) किती खोल आहे आणि कॅलिपर बरोबर मधे येतो का हे कंपनीने आधीच सोडवलेलं गणित आहे, ते पुन्हा कशाला सोडवायचं.

डोनर शोधायचा म्हणजे तुमच्याच मॉडेलची पुढची पिढी किंवा त्याच सांगाड्यावरचं वरचं मॉडेल बघायचं. ओळखीची उदाहरणं देतो. १९७९ ते १९९३ ची साधी फोर्ड मस्टँग ४×१०८ वर येते आणि १९९४ पासूनची ५×११४.३ वर, म्हणून जुन्या मस्टँगवाले १९९४ नंतरच्या गाडीचं सामान वापरतात. साधी बीएमडब्ल्यू ई३० ४×१०० आहे, त्यानंतरची ई३६ ५×१२०. पुढची बाजू ई३६ ची घेतात, पण मागे साधी ई३६ चालत नाही कारण तिचं मागचं सस्पेन्शनच वेगळं आहे, मागे बीएमडब्ल्यूच्याच ३१८टीआय किंवा झेड३ चं सामान लागतं कारण त्या दोघींत मागचं सस्पेन्शन ई३० च्याच पद्धतीचं ठेवलं होतं. निस्सान एस१३ ला ४×११४.३ असतं, एस१४ च्या पाच नटांच्या मॉडेलचे हब तिच्यासाठी शोधतात. ई३० च्या उदाहरणात अजून एक खोच आहे, जुना सेंटर बोअर ५७.१ मिमी आणि नवा ७२.६, म्हणजे जुनी रिम्स ठेवण्याचा विषयच नाही.

पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेली गाडी असेल तर ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाच्या खाचा, म्हणजे स्प्लाइन, मोजा. किती आहेत ते आणि शाफ्टचा व्यास, दोन्ही. एका खाचेचा फरक असला तरी हब जाणार नाही आणि मग शाफ्टसुद्धा डोनरचाच लागेल.

४. सामान, हत्यारं, कागद

नवीन घ्यायचं ते: चारही बेअरिंग, सील, सर्क्लिप, हब नट, स्प्लिट पिना, ब्रेक पॅड, होज, होज कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर, ब्रेक ऑइल दोन-तीन लिटर. जुनं चालेल ते: नकल, हब, कॅलिपर ब्रॅकेट. कॅलिपर जुना घेतलात तर पिस्टन पूर्ण बाहेर काढून गंज बघा आणि सील किट टाका. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, व्हर्निअरने मोजून बघा, काठावरची कड वगळून.

हत्यारं: दोन चांगल्या जोड्या घोड्या, कारण जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, जॅक म्हणजे उचलायला, धरून ठेवायला नाही. टॉर्क पाना, लांब ब्रेकर बार, बॉल जॉइंट पुलर, सर्क्लिप पक्कड, ब्रेक पाइपसाठी फ्लेअर पाना (साध्या पान्याने पाइपच्या नटाचे कोपरे गोल होतात, मी दोन केले), हायड्रॉलिक प्रेस. प्रेस घरी नसतोच, त्यासाठी नकल आणि नवं बेअरिंग घेऊन वर्कशॉपमध्ये जा, लाज वाटू देऊ नका.

कागद म्हणजे डोनर गाडीचं मॉडेल, साल, चासी नंबर आणि सगळी बिलं. दोन वर्षांनी पॅड घ्यायला जाल तेव्हा दुकानदार विचारणार कुठल्या गाडीचे, तेव्हा तुमच्या गाडीचं नाव सांगून उपयोग नाही. मी डोनरचे पार्ट नंबर बॉनेटच्या आतल्या बाजूला स्टिकरवर लिहून चिकटवलेत. ब्रेक बदलल्याचं इन्शुरन्सला कळवायचं का आणि पासिंगला दाखवायचं का याचे नियम ठिकाणाप्रमाणे वेगळे असतात, काम सुरू करायच्या आधी विचारून घ्या, नंतर नाही.

५. उघडायच्या आधी कोरडं बसवून बघा

रोजच्या वापराची गाडी असेल तर हे फार महत्त्वाचं. डोनरची अख्खी असेंब्ली टेबलावर जोडा, कॅलिपर लावा आणि घ्यायचं आहे ते रिम त्याच्यावर चढवून बघा. कॅलिपरच्या उंच भागावर लहान मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीचे छोटे गोळे चिकटवा, रिम लावा, हाताने एक फेरा फिरवा, काढा. माती चेपून जितकी उरली तितका गॅप. ३ मिमीपेक्षा कमी उरली तर ते रिम नको. स्पोकच्या मागेही गोळा लावा, नुसतं बॅरल, म्हणजे रिमचा आतला गोल भाग, बघून लोक रिम घेतात आणि मग स्पोक कॅलिपरला घासतो.

रुंदीचंही बघा. डोनरचा हब जुन्यापेक्षा १० मिमी बाहेर येत असेल आणि टायर मूळ जागीच हवा असेल तर ईटी १० ने जास्त असलेलं रिम घ्यायचं, ईटी वाढला की चाक आत जातं. हे उलटं लक्षात ठेवून मी पहिली दोन रिम्स चुकीची घेतली होती.

६. पुढचे हब आणि बेअरिंग

पुढची बाजू आधी करा, आणि एका वेळी एकच कोपरा उघडा, दुसरा बघायला शिल्लक राहतो. हब नट गाडी जमिनीवर असताना सैल करा, हवेत चाक फिरत राहतं आणि ब्रेकर बार तुमच्या हातातून निसटतो. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा.

आता बेअरिंग. बेअरिंगला बाहेरची एक रिंग आणि आतली एक. नकलमध्ये बेअरिंग दाबताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर द्यायचा. मग त्या बेअरिंगमध्ये हब दाबताना खालून आधार फक्त आतल्या रिंगला द्यायचा. उलटं केलं तर सगळा टनांचा जोर मधल्या गोळ्यांमधून जातो, गोळे आपापल्या वाटेवर बारीक खड्डे पाडतात, हाताने फिरवून काही कळत नाही आणि पहिल्याच दिवशी चाळीसच्या वर घूंऽऽ असा आवाज सुरू होतो. माझं डावं बेअरिंग असंच गेलं, प्रेसवाल्याने घाई केली आणि मी फोनवर बोलत होतो. जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग फेकू नका, बाहेरून थोडी घासली की नवं दाबायला अगदी मापाची रिंग तयार होते. जुना हब प्रेसमधून सुटताना बेअरिंगची आतली अर्धी रिंग त्याच्यावरच अडकून येते, ती पुलरने काढा, ग्राइंडर मारताना हबला चीर पडली तर तो हब गेला.

एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय रिंग असू शकते, ती सेन्सरकडे यायला हवी. कळत नसेल तर लोखंडाचा बारीक कीस जवळ न्या, ज्या बाजूला चिकटेल ती. मग ती बाजू नीट पुसा.

काही जुन्या गाड्यांना पुढे हब आणि डिस्क एकाच तुकड्यात असतं आणि आत दोन टेपर बेअरिंग. तुमचा डोनर असा असेल तर प्रेसची भानगड जवळपास नाही, पण ग्रीस हाताने रोलरच्या आत आत भरावं लागतं आणि नट अ‍ॅडजस्ट करावा लागतो: चाक फिरवत फिरवत नट टाइट करायचा म्हणजे रोलर बसतात, मग सैल सोडायचा, पुन्हा मॅन्युअलमध्ये असेल तितकाच हलका आवळायचा आणि नवी स्प्लिट पिन. इथे जास्त टाइट म्हणजे जळालेलं बेअरिंग.

प्रेसवाल्या हबच्या गाड्यांना हब नट मॅन्युअलच्या टॉर्कला आवळेपर्यंत गाडीचं वजन चाकावर टाकून ती हलवू नका, नटच बेअरिंगच्या दोन रिंगा एकत्र दाबून धरतो. डिस्क लावण्याआधी हबचा चेहरा वायर ब्रशने लख्ख करा. गंजाचा एक पापुद्रा मधे राहिला तरी डिस्क वाकडी फिरते आणि तुम्ही डिस्क खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडता.

७. कॅलिपर, आणि माझी ती रात्र

कॅलिपर डावा-उजवा असतो. दोन्ही बाजूंना बोल्ट लागतात, पॅड बसतात, होज पुरते, म्हणजे काही म्हणजे काही वेगळं दिसत नाही. फरक एवढाच की हवा काढायचा निप्पल वर असायला हवा. मी दोन्ही अदलाबदल करून लावले होते, निप्पल खाली, हवा वर अडकलेली. हवा कधी खालून निघते का? मी तासभर ब्लीड करत बसलो, एक लिटर ऑइल वाया गेलं, थोडं पेडल लागलं म्हणून खूश झालो, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. कॅलिपर लावल्यावर आधी निप्पल वर आहे का बघा, मग पाइपला हात लावा.

होज लावून स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा आणि सस्पेन्शन पूर्ण लटकलेलं आणि पूर्ण दाबलेलं अशा दोन्ही वेळी होज ताणला जातो का, टायरला लागतो का ते बघा.

८. मागची बाजू

मागे ड्रम ब्रेक असतील आणि ते ठेवायचे असतील तर पाच नटांचे ड्रम आणि हब किंवा अ‍ॅक्सल शाफ्ट शोधा, त्यात लाज नाही, मागच्या ब्रेकचं काम तसंही कमी असतं. डिस्कवर जायचं असेल तर हँडब्रेक हीच खरी डोकेदुखी. डोनरच्या कॅलिपरचा लीव्हर किंवा डिस्कच्या टोपीतला छोटा ड्रम तुमच्या वायरशी जुळतो का, वायरची लांबी पुरते का, हे आधी बघा. सरळ, एकसंध मागचा अ‍ॅक्सल असेल तर शाफ्ट काढायला डिफरन्शियलचं झाकण उघडावं लागू शकतं, आतले सी आकाराचे क्लिप काढावे लागतात, मग नवं गिअर ऑइल आणि नवं सील आलंच.

९. मास्टर सिलिंडर आणि ब्रेकचा तोल

नवशिक्यांपैकी बहुतेक जण हा भाग सोडून देतात. समजा पुढच्या कॅलिपरचा पिस्टन ४८ मिमीचा होता आणि नवा ५४ चा आला. व्यासात फरक ६ मिमीचा, पण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, म्हणजे जवळपास २७ टक्के जास्त. तेवढं जास्त ऑइल मास्टर सिलिंडरला (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा सिलिंडर) ढकलावं लागणार, म्हणजे पेडल जास्त खाली जाणार. मग लोक मोठा मास्टर लावतात. ७/८ इंचाच्या जागी १ इंचाचा लावला तर त्याचं क्षेत्रफळ ३१ टक्के वाढतं, पेडल वर येतं आणि कडक लागतं, पण तितक्याच पायाच्या जोरात दाब कमी मिळतो. म्हणजे वर आलेलं कडक पेडल म्हणजे चांगला ब्रेक असं नाही. डोनर गाडीत कुठला मास्टर होता ते बघा, सुरुवात तिथून करा.

दुसरी गोष्ट पुढच्या-मागच्याचा तोल. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, आणि मागची आधी लॉक झाली तर गाडी गर्रकन फिरते. म्हणून फक्त मागे मोठे ब्रेक लावून पुढचे जुने ठेवणं हा सगळ्यात वाईट पर्याय. मागचा दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह जुन्या ड्रमच्या हिशोबाने सेट असतो. काही गाड्यांत तो अ‍ॅक्सलला दांड्याने जोडलेला असतो, गाडी खाली केली असेल तर त्याचंही गणित बदलतं. आणि ड्रमसाठीच्या काही मास्टरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असतो, तो डिस्कला राहिला तर पॅड कायम घासत राहतात.

१०. हवा काढणे

ब्रेक ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ ग्लायकॉलचे, डॉट ५ सिलिकॉनचं, ते यांच्यात मिसळायचं नाही, आणि ५ व ५.१ नाव सारखं असलं तरी नातं काही नाही. उघडी बाटली हवेतलं पाणी ओढते म्हणून जुनी अर्धी वापरू नका. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, पेंट सोलतो.

बहुतेक गाड्यांत मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, पण ब्रेकच्या लाइन तिरप्या जोडलेल्या असतील तर क्रम वेगळा असू शकतो, मॅन्युअल बघा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निप्पल उघडून बंद करायचा, मग "सोड" म्हणायचं, बंद करायच्या आधी नाही. मास्टरची टाकी मधे मधे भरत राहा, रिकामी झाली की पहिल्यापासून सुरू.

११. चाक, नट, पहिली फेरी

रिमचा सेंटर बोअर हबपेक्षा मोठा असेल तर मधे रिंग टाका. नटाचं टोक रिमला जुळलं पाहिजे, कोनवाला, गोल, चपटा असे तीन प्रकार असतात आणि कोनाच्या रिमला गोल नट लावला तर तो फक्त कडेवर टेकतो. नट हाताने किती फेरे जातो ते मोजा: १२ मिमी स्टडला साधारण १२ मिमी पकड हवी, म्हणजे १.५ च्या आट्याला आठ फेरे, १.२५ ला दहा. आट्यांना ग्रीस लावू नका, टॉर्क चुकतो. एक सोडून एक असे ताऱ्यासारखे आवळा, आणि शेवटचा टॉर्क चाक जमिनीला टेकल्यावर, एम१२ ला बहुतेक गाड्यांत ९० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. १०० किलोमीटर झाले की पुन्हा एकदा पाना लावा.

इंजिन सुरू करायच्या आधी पेडल पंप करा, पाय टेकवून धरा, हळूहळू खाली जातंय का बघा. इंजिन चालू केल्यावर पुन्हा तेच, आणि मगच गिअर. पहिली फेरी रिकाम्या मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगात. मग ५०-६० च्या वेगावरून १० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक मारा, पूर्ण न थांबता, म्हणजे पॅड डिस्कवर बसतात, आणि त्यानंतर ब्रेक न दाबता थोडं फिरवून थंड होऊ द्या. गरम असताना हँडब्रेक ओढून उभी करू नका.

आणि हो, डिकीतली स्टेपनी. ती अजून चार नटांचीच आहे. मला हे कळलं ते पंक्चर झाल्यावर, पावसात, सगळे नट काढून झाल्यानंतर.